सुप्याचे मोहिते, तंजावरचे राजे आणि देवळातल्या गाण्याचा वाद

धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

सुपे म्हटले की इतिहासाची आवड असलेल्यांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे १२ मे १८७५. त्या दिवशी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या व कर्जखते हिसकावून जाळली गेली आणि ‘दख्खनचे दंगे’ सुरू झाले. दुसरी गोष्ट त्याहून दोन शतके जुनी. सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता आणि तेथे संभाजी मोहिते कारभार पाहत होते. शिवरायांनी शिमग्याचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने जाऊन या सावत्र मामांना कैद केले, ठाणे ताब्यात घेतले, असे सभासद सांगतो. आजचा विषय या दुसऱ्या गोष्टीच्या शेपटाला बांधलेला आहे, आणि तो आपल्याला सुप्यापासून फार दूर नेणार आहे.

संभाजी मोहित्यांची बहीण तुकाबाई ही शहाजीराजांची धाकटी राणी. तिचा मुलगा व्यंकोजी. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी कावेरीकाठचे तंजावर घेतले आणि सुप्याच्या मोहित्यांचा हा भाचा एका नव्या मराठी राजघराण्याचा मूळपुरुष झाला. हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. याच दरबाराच्या सावलीत, ख्रिस्ती उपासनेत कोणती गीते गावीत आणि कोणती गाऊ नयेत, यावरून एक कडवट वाद झाला. त्यात एका कवीची नोकरी गेली. तो कवी मराठा राजाचा सहाध्यायी होता.

प्रथम ही मंडळी तेथे आली कशी, ते पाहू.

तंजावरच्या नायक राजाने १६२० मध्ये डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना समुद्रकाठचे तरंगंबाडी हे गाव खंडाने दिले होते. इंग्रजी पुस्तकांत त्याचे नाव ट्रांकेबार असे येते. नायक गेले, मराठे आले, खंड मराठ्यांच्या खजिन्यात जमा होऊ लागला. ९ जुलै १७०६ रोजी या बंदरात दोन तरुण जर्मन उतरले : बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्यूचाउ. डेन्मार्कच्या राजाने त्यांना धर्मप्रचारासाठी धाडले होते. तंजावरच्या गादीवर तेव्हा व्यंकोजींचे पुत्र शहाजी होते. भारतातल्या प्रॉटेस्टंट मिशनची सुरुवात, म्हणजे, एका मराठा राज्याच्या किनाऱ्यावर झाली. आपल्याकडच्या पुस्तकांत हे वाक्य क्वचितच वाचायला मिळते.

हे दोघे ल्यूथरन होते, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथाचे. या पंथात गाण्याला जे स्थान आहे ते समजल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही, म्हणून येथे जरा थांबू.

ल्यूथरच्या आधीच्या चर्चमध्ये मुख्य उपासना लॅटिनमध्ये चाले. गायन पाद्री व गायकवृंद करीत आणि जनसमुदाय बहुतेक वेळ ऐकत असे. ल्यूथरने लोकांच्या भाषेतले गीत उपासनेच्या मध्यभागी आणले. १५२४ मध्ये न्यूरेंबर्ग येथे आठ गीतांचे एक चोपडे छापले गेले. त्यातली चार गीते ल्यूथरची होती. पाउल स्पेराटुस याचे एक दीर्घ गीतही त्यात होते, आणि माणसाचा उद्धार त्याच्या पुण्यकर्माने होत नाही, केवळ ईश्वराच्या कृपेने व त्या कृपेवरील श्रद्धेने होतो, हा या पंथाचा गाभा ते कडव्याकडव्याने शिकवत होते. दहा आज्ञा, विश्वासाची कबुली, प्रभूची प्रार्थना यांवरही ल्यूथरने गीते रचली. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी गीत हेच पाठ्यपुस्तक.

पण ज्या रस्त्याने योग्य शिकवण आत जाते त्याच रस्त्याने अयोग्यही जाते. प्रवचन रविवारपुरते लक्षात राहते. गाणे शेतात, चुलीपाशी, पाळण्याजवळ म्हटले जाते. म्हणून गीतांची पारख हा ल्यूथरन पंथात पहिल्यापासून गंभीर मामला आहे. लोक आपली गीते बदलून छापतात, इतरांची भर घालतात, असा ल्यूथरचाही अनुभव होता. त्यामुळे पुढच्या संग्रहांत त्याने गीतांवर कर्त्याची नावे घातली आणि भलत्या गीतकारांपासून सावध राहण्याची ताकीद दिली. हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा आपल्याकडे तेच काम करते. आणि नाममुद्रा घालून कोणीही प्रक्षिप्त अभंग रचू शकतो, ही अडचणही आपल्याला ठाऊक आहे.

पारख कशाची करायची? ल्यूथरन कसोटी थोडक्यात सांगायची तर : या गीतात कर्ता कोण आहे? ‘मी इतके रडलो, इतका तळमळलो, म्हणून देवाने मला जवळ केले’ असे गीत सांगत असेल तर ते त्या पंथाच्या दृष्टीने सदोष. ‘मी काहीच नव्हतो, तरी त्याने मला उचलले’ असे सांगत असेल तर ते ग्राह्य. वारकरी संतांच्या शरणागतीच्या अभंगांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हा सूर अनोळखी वाटणार नाही. दोन्हींचे तत्त्वज्ञान मात्र वेगळे आहे, ते एक करू नये.

चालीबद्दल ल्यूथर सैल होता. नाताळसाठी रचलेल्या त्याच्या एका प्रसिद्ध गीताला आरंभी कोड्यांच्या लोकगीताची चाल होती. १५३९ मध्ये त्याला स्वतंत्र चाल मिळाली. (‘ल्यूथरने दारूच्या गुत्त्यातल्या चाली चर्चमध्ये आणल्या’ अशी एक गोष्ट समाजमाध्यमांवर फिरत असते. तिच्यावर विश्वास ठेवू नका. ‘बार’ हे जर्मन पद्यरचनेच्या एका घाटाचे नाव आहे. त्या शब्दामुळे हा घोटाळा पसरला असे मानतात.)

पुढच्या पिढ्यांत हा सैलपणा राहिला नाही. १७०४ मध्ये जर्मनीतल्या हाले येथून फ्रायलिंगहाउझेनचे गीतपुस्तक निघाले. हाले हे भक्तिभाव आणि व्यक्तिगत पश्चात्तापावर भर देणाऱ्या ल्यूथरनांचे केंद्र. या पुस्तकावर विटेनबर्गच्या धर्मशास्त्रज्ञांनी १७१० च्या दशकात कडक निवाडा दिला. काही गीतांची शिकवण त्यांना संशयास्पद वाटली, आणि काही चाली ‘उड्या मारणाऱ्या’, नाचऱ्या, उपासनेला न शोभणाऱ्या वाटल्या. लक्षात घ्या : हे सगळे जर्मन, सगळे ल्यूथरन, आणि विटेनबर्ग तर खुद्द ल्यूथरचे गाव. तरीही शब्दांचा दोष आणि चालीचा दोष एकाच आरोपपत्रात आला. तरंगंबाडीत आलेले मिशनरी याच हालेच्या परंपरेतले होते. ज्यांच्या स्वतःच्या गीतांना ‘नाचरी’ म्हटले गेले होते, त्यांच्याच वारसांनी शंभर वर्षांनंतर तमिळ गीतांना काय म्हटले, ते आता पाहू.

आरंभीच्या मिशनरींनी जर्मन गीतांची तमिळ भाषांतरे केली आणि ती जर्मन चालींवर बसवली. येथे एक तांत्रिक अडचण आहे. जर्मन पद्य आघातावर चालते : एका अक्षरावर जोर, पुढचे हलके. तमिळ काय किंवा मराठी काय, आपल्या पद्याचा हिशेब अक्षरसंख्येचा किंवा लघुगुरूचा. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे माप घ्या. ते आघाताच्या चालीत कोंबले की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ अक्षर चिरडले जाते, शब्द ओळखू येत नाही. शिकवण शंभर टक्के निर्दोष, पण गाणाऱ्याला अर्थ लागत नाही. असे गीत योग्य शिकवण देते का? माझ्या मते नाही. जे कळतच नाही ते शिकवणार काय?

ही कोंडी फोडली वेदनायगम शास्त्री यांनी. जन्म १७७४, तिरुनेलवेलीचा. जात वेल्लाळ, म्हणजे तिकडच्या प्रतिष्ठित जमीनदार जातींपैकी. जर्मन मिशनरी ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ यांनी हा मुलगा बारा वर्षांचा असताना तंजावरला आणला. श्वार्ट्झ हे विलक्षण गृहस्थ. तमिळ, फारसी, मराठी जाणणारे. दरबारात विश्वास असलेले. १७७९ मध्ये इंग्रजांचे दूत म्हणून हैदरअलीकडे गेलेले. तंजावरचे तुळजाजीराजे १७८७ मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींच्या हिताकडे लक्ष देण्याचे काम श्वार्ट्झ यांच्याकडे आले. गादीसाठी भाऊबंदकी झाली, सरफोजींना मद्रासला हलवावे लागले, आणि १७९८ मध्ये ते राजे झाले. वेदनायगम आणि सरफोजी, दोघे एकाच गुरूचे शिष्य.

त्या शिक्षणाची खूण दोघांच्या लेखनात दिसते. ‘कुरवंजी’ हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात विरहिणी नायिका असते, आणि डोंगरातून येणारी कुरव जमातीची स्त्री तिचा हात पाहून भविष्य सांगते. सरफोजीराजांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक आहे. त्यात ही कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, नद्या! आणि वेदनायगम शास्त्रींनी १८०० मध्ये ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. त्यात नायिका सियोनची कन्या आहे, तिचा प्रियकर बेथलेहेमचा नाथ आहे, आणि वाटेत कोपर्निकसचे खगोलशास्त्रही येते. श्वार्ट्झच्या शाळेतले धडे एकाने मराठीत आणि दुसऱ्याने तमिळमध्ये गायले, असे म्हणावेसे वाटते.

कठोर परीक्षकाने येथेच हरकत घेतली असती. भविष्य सांगणे बायबलात निषिद्ध. मग कुरवंजी चर्चजवळ कशी चालेल? शास्त्रींनी साचा घेतला आणि आतला आशय बदलला. त्यांच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. राजाने देवळासाठी रचना करण्यास सांगितले तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला, अशी कथा त्यांच्याबद्दल सांगितली जाते. शब्दांच्या बाबतीत ते कोणत्याही मिशनऱ्याइतकेच कडक होते.

श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारले. १८२० च्या दशकात मिशनमध्ये नव्या पिढीचे लोक आले आणि व्यवस्था इंग्रजांच्या अँग्लिकन संस्थेच्या हाती गेली. तंजावरात हॉब्रो नावाचे डॅनिश मिशनरी होते. या नव्या मंडळींना जुन्या ल्यूथरन मंडळीत अनेक गोष्टी खटकल्या. १८२९ च्या सुमारास वेदनायगम शास्त्रींनी त्यांच्याविरुद्ध लेखणी उचलली आणि चार ‘क्रौर्यां’चा आरोप केला. जुन्या तमिळ बायबलचे भाषांतर बदलले, हे एक. लग्नाअंत्यविधीतली फुले बंद केली, हे दुसरे. तमिळ गीते व वाद्ये उपासनेतून काढली, हे तिसरे. चौथे : वेगवेगळ्या जातींच्या लोकांना जबरदस्तीने एकत्र केले.

हे चौथे कलम वाचताना माझ्यासारख्याची लेखणी अडखळते. श्वार्ट्झ यांच्या काळापासून तंजावरच्या चर्चमध्ये वेल्लाळ एका बाजूला बसत आणि पारैयर दुसऱ्या बाजूला. नव्या मिशनरींनी ही रेघ पुसायचे ठरवले. शास्त्रींनी जातिभेदाचे समर्थन केले आणि त्यासाठी स्वतंत्र लेखनही केले. म्हणजे त्यांच्या मनात तमिळ गीत, फुलांचा हार आणि बसण्याची वेगळी जागा हे सगळे ‘आमच्या रीती’ या एकाच गाठोड्यात होते. मिशनरींनीही तेच गाठोडे मानले. फक्त त्यांनी ते संपूर्ण फेकायचे ठरवले.

आजचे लेखक येथे दोनपैकी एक सोपी गोष्ट सांगतात. एकतर ‘परकीयांनी देशी संगीत दडपले’, नाहीतर ‘सुधारकांनी उच्चवर्णीय कवीला वठणीवर आणले’. दोन्ही अर्धवट आहेत. गीताच्या बाबतीत शास्त्री बरोबर होते आणि आसनाच्या बाबतीत चूक, असे माझे स्पष्ट मत आहे. मिशनरींची चूक अशी की, गीत आणि आसन या वेगळ्या वस्तू आहेत हे त्यांनी तपासलेच नाही. शास्त्रींच्या गीतांत शिकवणीचा दोष दाखवून ती काढली असती तर ती ल्यूथरन पद्धतीची पारख ठरली असती. पण त्यांच्या तक्रारीवरून दिसते ते असे की, वाद गीतांतल्या शिकवणीवर झालाच नाही. सूर, ढंग आणि वाद्ये परकी ठरली. विटेनबर्गचा ‘उड्या मारणाऱ्या’ चालींचा जुना आक्षेप समुद्र ओलांडून आला होता.

मिशनमधले शास्त्रींचे काम सुटले. तेव्हा त्यांना आश्रय दिला तो सरफोजीराजांनी. स्वतः शिवभक्त असलेल्या, बृहदीश्वराच्या भिंतींवर १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेणाऱ्या या राजाने एका ख्रिस्ती कवीला दरबारी कवी म्हणून ठेवले. चर्चला नको असलेले ख्रिस्ती गीत मराठा राजाच्या पदरी राहिले, हा प्रसंग एखाद्या कादंबरीत आला असता तर आपण त्यावर विश्वास ठेवला नसता. १८३२ मध्ये राजे वारले. पुढच्याच वर्षी कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद बंद करण्याचा आदेश काढला, आणि तंजावरातले अनेक वेल्लाळ चर्चपासून दुरावले.

आता महाराष्ट्राकडे वळू, कारण याच प्रश्नाला येथे वेगळे वळण लागले. आपल्याकडे ल्यूथरनांचा पाया फारसा पडला नाही. सुप्याच्या उत्तरेला शिरूर, त्यापुढे अहमदनगर, हा पट्टा अमेरिकन मराठी मिशनचा. नगरला ते १८३१ मध्ये पोहोचले. पंथ निराळा, अडचण मात्र तीच : इंग्रजी चालींत कोंबलेली मराठी गीते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळे आपले, आख्यान बायबलमधले. महत्त्वाचे म्हणजे नगर भागातल्या या मंडळ्या मोठ्या प्रमाणात महार समाजातून आलेल्या होत्या. तंजावरात देशी गीताच्या बाजूने उभा राहणारा कवी वेगळ्या आसनाच्याही बाजूने उभा होता. नगरकडे टाळ घेऊन उभे राहणाऱ्यांत असे लोक होते ज्यांना गावच्या देवळात पायरीपर्यंतच प्रवेश होता. देशी चाल आणि जातीची रेघ यांचा संबंध अटळ नव्हता, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

याच पायावर रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९१९ मध्ये मृत्यू. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी रचलेली दोनशेहून अधिक गीते मराठी चर्चच्या गीतसंग्रहात गेली. अभंग हे त्यांचे आवडते माप. ते ख्रिस्ताला गुरू म्हणत, माउली म्हणत.

‘माउली’ चालेल का? ल्यूथरन कसोटी लावून पाहा. यशया संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायात देव स्वतःची तुलना मुलाचे सांत्वन करणाऱ्या आईशी करतो. शुभवर्तमानात येशू स्वतःला पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. शिवाय माउली ही लेकराच्या पुण्याईवर दूध पाजत नाही. कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दातच आहे. ‘अवतार’ या शब्दाचे तसे नाही. आपल्या मनात अवतार म्हटले की अनेक अवतार येतात, एक संपतो, दुसरा येतो. ख्रिस्ती शिकवणीत देवाचे मनुष्य होणे एकदाच घडते. म्हणून त्या ठिकाणी ‘देहधारण’ हा शब्द रूढ झाला. तो गायला जड आहे, हे कबूल. पण येथे परीक्षकाची काटेकोर नजर योग्य जागी पडली आहे : शब्दावर, टाळावर नव्हे.

वेदनायगम शास्त्री १८६४ मध्ये, नव्वदीला पोहोचून, वारले. त्याच सुमारास रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे मराठी कीर्तनकार तंजावरात उतरले आणि त्यांच्या कीर्तनातून दक्षिणेतल्या हरिकथेला नवे रूप मिळाले. मोरगाव हे आडनाव वाचून सुपेकरांचे कान टवकारतील, पण त्या बुवांवर एक स्वतंत्र धागा लिहावा लागेल.

तमिळ चर्चमध्ये आज दोन गीतसंग्रह चालतात, ल्यूथरन मंडळ्यांतही. एकाला ‘पामालै’ म्हणतात. त्यात पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीते आहेत. दुसऱ्यात देशी रागतालांतली गीते आहेत, आणि त्यांत तंजावरच्या कवीची अनेक आहेत. त्या दुसऱ्या संग्रहाचे नाव ‘कीर्तनै’.